डबल बेल

७ जानेवारी

शेंडेफळा,

हे पाकीट मफलरकाकांनी तुझ्या हातात दिलं असेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी पहिलं वाक्य काय बोलावं हे मला सुचणार नाही. म्हणून आपल्या घरची जुनी टपालव्यवस्था पुन्हा सुरू केली. बाबा कंडक्टर होते तेव्हा मावशीचा स्वेटर, आत्याची औषधं, तू विसरलेला चष्मा, सगळं या कंडक्टरकडून त्या कंडक्टरकडे जायचं आणि एकही वस्तू कधी गहाळ झाली नाही. काकांचा मुक्काम तुमच्या शहरात असतो. त्यांना बजावून सांगितलंय, दारातून सरकवू नका, हातातच द्या. त्यांना चहा विचार. थंडी असो नसो मफलर गळ्यातून काढणार नाहीत, त्यावर हसू नकोस.

कारण आई आहे. दुसरं काही असतं तर मी लिहिलं नसतं.

परवा आई हरवली. मी कामावर होते. शेजारच्या शिंपीणबाई दुपारी तिला चहा द्यायला गेल्या तर दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. शोधाशोध झाली आणि ती सापडली बस स्टँडवर, बाबांची गाडी लागायची त्या फलाटासमोरच्या बाकावर. पायात घरातल्या सपाता, मांडीवर रिकामी पिशवी. येईल त्या कंडक्टरला विचारत होती, "सगळे आले का?" नवीन पोरं तिला ओळखत नाहीत. एकाने हसून "आले आजी, आले" म्हटलं, आणि ती त्याला म्हणाली, "न मोजता सांगू नये."

हे पहिल्यांदा झालेलं नाही. तुला कळवलं नव्हतं इतकंच.

डॉक्टर म्हणतात विसरणं वाढत जाणार. तिला एकटी ठेवता येत नाही आणि माझं काम असं की आठवड्यातले निम्मे दिवस मी दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या स्टँडवर उभी असते. शिंपीणबाई तरी किती दिवस बघतील? त्यांनी काल बाहेरून कडी लावली. मी आले तेव्हा आई दाराला कपाळ टेकून उभी होती. त्यांचं चुकलं असंही नाही.

तुझ्या घरी माणसं आहेत. तुझी बायको घरात असते, पोरगी आहे. आईला तू घेऊन जा.

त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही असं ठरवून बसलेय. बाबा गेले त्या दिवसापासून आपण बोललो नाही आणि ते बोलणं आत्ता काढलं तर आईचा विषय मागे पडेल. विमानतळावर नोकरी करणारा माणूस, ज्याला विमानात खुर्ची रिकामी असेल तर नुसतं जाऊन बसायचं, तो बाप गेल्यावर रेल्वेने येतो आणि सगळं उरकल्यावर दारात उभा राहतो, याबद्दल मला काहीएक म्हणायचं नाही. बघ, लिहिणार नव्हते.

काकांजवळ उत्तर दे.

ताई


१९ जानेवारी

काकांनी तुझा निरोप आणला. "विमानाने पाठव. मी इथे उतरवून घेतो, चाकाच्या खुर्चीची सोय करतो." मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच, पण चहा चांगला होता.

म्हणजे तू हो म्हणालास. खरं सांगू? मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. मग मला तुझ्यावर यथेच्छ चिडता आलं असतं आणि आईला इथेच ठेवून घेता आलं असतं. तू एका वाक्यात हो म्हणून माझी ती सोय काढून घेतलीस. निरोप ऐकल्यावर मी बराच वेळ आईच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत.

आता विमानाचं. आई नाही म्हणते. घाबरत नाही, तो तुझा गैरसमज. मी तिला समजावलं की बसल्या जागी गरम खायला मिळतं, तासाभरात पोचशील, लेक समोर उभा असेल. ती म्हणाली, "एवढ्यात पोचायचं तर निघायचं कशाला?"

तुला माझं काम काय आहे हे कधी नीट माहीत नव्हतं. बाबा लोकांना सांगायचे, माझी मुलगी स्टँडवर भोचकपणा करायचा पगार घेते. तर तो भोचकपणा असा. बस स्टँड, रेल्वे स्टेशन आणि तुमचं विमानतळ, तिन्हीकडे प्रवाशांना गाठायचं आणि विचारायचं, तुम्ही यानेच का चाललात? रस्ता रुंद करायचा की रूळ वाढवायचे, हे त्यावरून वरचे साहेब ठरवतात. आमच्याकडे उत्तराच्या चार चौकटी आहेत. वेळ, भाडं, आराम आणि इतर. साहेबांची ताकीद असते, "इतर" फार येऊ देऊ नका, त्याचं काही करता येत नाही.

पण माणसं "इतर"मध्येच राहतात, त्याला मी काय करू? एक मास्तरीण सांगते, मी रेल्वेने जाते कारण तिथे अनोळखी लोक बोलतात, बसमध्ये झोपतात आणि विमानात तोंड वाकडं करतात. एक नवरा-बायको भांडून निघाले होते, दोघांच्या गाड्या वेगळ्या, ती बसने, तो रेल्वेने, आणि दोघांनी मला एकमेकांच्या गाडीची वेळ विचारली. एक जाडजूड व्यापारी सासऱ्याला बघायला निघाला होता. म्हणाला, "बाई, रेल्वेने जातो. उशीर झाला तर दोष तिच्यावर जातो, माझ्यावर येत नाही." त्याचं उत्तर मी "आराम"मध्ये टाकलं. तेव्हा मला तुझी आठवण झाली, कुठल्या अर्थाने ते तू समज.

तुझी आठवण आणखीही एका कारणाने होते. साहेब म्हणतात, प्रवासाचा वेळ कमी झाला की माणसं जास्त प्रवास करतात. त्यांना एकदा आपल्या घरी आणायला हवं. रातराणीला अख्खी रात्र लागायची तेव्हा तू दर महिन्याला यायचास, बाबांच्याच गाडीत, मागच्या सीटवर, मान वाकडी करून झोपून. विमान सुरू झालं, अंतर तासाभराचं झालं, आणि तू येईनासा झालास. विमानामुळे बाबांची रातराणी बंद पडली, त्याच विमानतळावर तू चिकटलास, त्यांनी "माझे पॅसेंजर पळवणाऱ्यांच्यात गेला" म्हटलं, तू "पॅसेंजर तुमच्या मालकीचे होते का" म्हटलंस. बस्स. एवढ्याशा वाक्यावर दोघं वर्षानुवर्षं बसून राहिलात, आणि मधल्या मध्ये आई आणि मी निरोप पोचवत राहिलो.

असो. काल मी आईला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि प्रवाशाला विचारते तसं विचारलं. आजी, कशाने जाणार?

"बसने."

का?

"बस मोजून निघते."

मग तिने मला समजावलं, मी अगदीच नवखी असल्यासारखं. विमान नाव पुकारतं आणि दार लावून जातं. रेल्वे तर पुकारतही नाही. बस मात्र चहाला थांबली की निघताना कंडक्टर एकेक डोकं मोजतो, आणि एक जरी कमी असेल तर गाडी हलत नाही. कोणीतरी म्हणतंच, माझ्या शेजारच्या बाई आल्या नाहीत अजून. "मी कुठे उतरून विसरले," ती म्हणाली, "तर बस थांबेल." तिला माहीत आहे रे. आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे की ती विसरते.

आणि अर्थात बाबा. कुठे जायचं असलं, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात, तरी ते उंबऱ्यात उभे राहून मोजायचे. आई एक, मी दोन, तू तीन. मग चौकटीवर दोन टकटक, डबल बेल, आणि निघालो. तू एकदा विचारलं होतंस, बाबा, तुम्ही चार ना? ते म्हणाले होते, कंडक्टर स्वतःला मोजत नाही.

हे तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, ते हाताच्या बोटाने मोजायचे. पलंगाशी आम्ही दोघी. एक, दोन. मग बोट तसंच वर धरून ठेवायचे. "एक कमी आहे." नर्सला वाटायचं त्यांना पाणी हवंय.

विमानाचा नाद सोड. तिसरा मार्ग शोधते.

ताई


३ फेब्रुवारी

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा जसं येईल तसं जाऊ देणार आहे.

मला वाटलं होतं रेल्वे जमेल. पाय पसरता येतात, आईला उठून चालता येतं, संडास असतो. तिला सवय व्हावी म्हणून परवा तिला माझ्याबरोबर स्टेशनवर नेलं. मी फलाटावर माणसं गाठून विचारत होते आणि ती बाकावर बसून शहाण्यासारखी केळं खात होती. मग तुमच्या बाजूची गाडी आली. आई उठली. केळ्याची साल हातात, आणि एकेका डब्याच्या दाराकडे बघत चालायला लागली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

म्हणाली, "यातच आहे तो."

कोण, असं विचारल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. त्यांना सांगू नकोस म्हणालाय. तो निघालाय. गाडीत बसलाय."

मला वाटलं नेहमीचंच चाललंय. डॉक्टरांनी सांगितलंय की खोडून काढू नका, सोबत चालत राहा. म्हणून मी आपलं विचारलं, मग विमानाने का नाही निघाला? त्याला तर सोपं.

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "विमानात वेळ कुठे मिळतो? त्याला काय बोलायचं ते ठरवायचंय. आणि बसने आला तर मफलरवाला आधी येऊन ह्यांना सांगणार. म्हणून रेल्वे."

तिथे, त्या गर्दीत, मला पहिल्यांदा कळलं की ही बाई भरकटलेली नाही. ती दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी उभी आहे आणि तिथे काय दिसतंय ते मला सांगते आहे.

बाबांनी मला बजावलं होतं, त्याला कळवायचं नाही. मी कळवलं नाही. आईने शिंपीणबाईंच्या फोनवरून तुला कळवलं, हे काल त्यांनीच सांगितलं. बाबांना जरा बरं नाही, ये. आणि तू म्हणालास, निघतो, पण त्यांना सांगू नकोस, समोर जाऊन उभा राहतो. तिने शब्द दिला. तू गाडीत बसलास. आणि त्याच दिवशी बाबांनी बोट वर धरून तिला विचारलं, एक कमी आहे ना? आणि ती गप्प बसली. तिला वाटलं, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे.

फलाटावर ती माझा हात धरून म्हणत होती, "मी नाही हो सांगितलं. ते विचारत होते तरी नाही सांगितलं." शाबासकी मागितल्यासारखी. मी म्हटलं, बरं केलंस आई. दुसरं काय म्हणणार होते?

मी तुला फोन केला होता, बाबा गेले सांगायला, तेव्हा मागे खडखड ऐकू येत होती. मला वाटलं तुमच्या विमानतळावरच्या ढकलगाड्या असतील. तू म्हणालास, "येतोय." मला ते ऐकू आलं "येईन" असं नाही, "येतोय" असंच, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसं कशाने आणि का प्रवास करतात, हे विचारायचा मी पगार घेते. अख्ख्या गावाला विचारून झालं. तुला दारात मी एवढंच म्हटलं, विमानं बंद पडली होती का? तू म्हणालास, गाडीत जागा मिळाली. आणि चपला पुन्हा पायात घातल्यास.

तू का बोलला नाहीस, यावर मी काल दिवसभर डोकं खाजवत होते. मग कळलं. तू बोलला असतास तर मी आईकडे वळले असते. आई, तुला माहीत होतं तर तू त्यांना सांगितलं का नाहीस, असं मी तिच्या तोंडावर विचारलं असतं, तेही त्या दिवशी, त्या खोलीत. माझी जीभ तुला पक्की ठाऊक आहे. म्हणून तू शिव्या खाल्ल्यास आणि निघून गेलास, आणि फोन उचलायचा बंद केलास, म्हणजे कधी तोंडून निघून जायला नको.

मला तुझा भयंकर राग आलाय. थोरली मी आहे. मोठेपणा करायचा तर तो माझ्या वाट्याचा होता. मला विचारल्याशिवाय तू तो उचललास आणि एवढी वर्षं एकट्याने वागवलास. मी माफीबिफी मागणार नाही, मला ते जमत नाही. पण काल रात्रीपासून घास उतरत नाही एवढं तुला कळवते.

ताई


९ फेब्रुवारी

काका सांगत होते, पत्र वाचून तू घरात निघून गेलास आणि बराच वेळ नळ वाहत होता. मग बाहेर येऊन त्यांना जेवायला थांबवलंस, आणि स्वतः काही खाल्लं नाहीस. निरोप दिलास, "ताईला म्हणावं, बसने आण. मी अर्ध्यावर येतो."

अर्ध्यावर हे तू बरोबर ओळखलंस. तुझ्या दारापर्यंत मी आले तर एकतर तिथून हलणार नाही, नाहीतर तिला घेऊनच परत फिरेन. घाट उतरल्यावर चहाचा थांबा आहे, दोन्हीकडच्या गाड्या तिथे थांबतात. तू तुमच्याकडच्या गाडीने तिथे ये. आई आहे त्या गाडीतच बसून राहील. मी उतरेन, माझ्या जागी तू बस. मी परतीच्या गाडीने घरी. काका त्या दिवशी आमच्या गाडीवर आहेत, मी ड्यूटी विचारून ठेवली.

आता लक्ष देऊन वाच, पुन्हा लिहायला बसणार नाही.

तिला चहा बशीतून लागतो. कपातला गार होतो आणि मग ती तो लपवून ठेवते, कपाटात, बुटात, कुठेही. सकाळी तिचे केस मी विंचरते, गुंता खालून सोडवायचा, वरून ओढलं तर ती काही बोलत नाही पण डोळ्यांत पाणी येतं. न्हाणीघराला आतून कडी ठेवू नका. आरशाला ती कधी कधी नमस्कार करते, करू दे, त्या बाईशी तिचं चांगलं जमतं. बाबा कुठे आहेत असं विचारलं तर ड्यूटीवर आहेत म्हण. मी आधी खरं सांगायचे आणि ती दर वेळी नव्याने रडायची. मग मी खरं सांगणं सोडलं.

तुझ्या बायकोला म्हणावं, भाजी निवडायला देत जा. हातांना सगळं आठवतं. आणि पोरीला सांग, आजीने तिला माझ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची.

तिची उशी मी पाठवते आहे. जुनी आहे, डाग पडलेत, नवी घेऊ नका.

ताई


२ मार्च

तू काल तिथे होतास, तरी लिहिते आहे. कारण तू गाडीच्या आत होतास आणि मी बाहेर.

तुझे केस पिकलेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली हात मागे बांधून उभा होतास, थेट बाबांसारखा. मला वाटलं होतं आई तुला ओळखणार नाही. वाटेत मी तिला पढवत होते आणि ती खिडकीबाहेर बघत "बरं बरं" करत होती. पण तू गाडीत चढलास, तिने मान वर केली, आणि म्हणाली, "पोचलास? गाडीला उशीर झाला का रे?"

तू म्हणालास, "हो आई. उशीर झाला."

"होतो," ती म्हणाली, "रेल्वेचं असंच," आणि बाजूला सरकून तुला जागा दिली. माझी जागा. मी पायाशी ठेवलेली माझी पिशवी उचलली. आपण दोघं एकमेकांशी काय बोललो? "उशी वर ठेवलीय." "बघितली." एवढंच. दोन वर्षांचं बोलणं उशीवर आटोपलं. पण तू माझ्या हातातली पिशवी दारापर्यंत आणून दिलीस, ती देताना लवकर सोडली नाहीस, ते मला कळलं.

मी उतरले आणि चहाच्या टपरीमागे जाऊन उभी राहिले. तिला दिसू नये म्हणून. काका मोजत आले. खिडक्या उघड्या होत्या, मला सगळं ऐकू येत होतं. तू माझ्या जागी होतास, त्यामुळे डोकी बरोबर भरली. काकांनी दोरीला हात घातला आणि आई म्हणाली, "थांबा. एक कमी आहे."

काका म्हणाले, वहिनी, बरोबर आहे, मी दोनदा मोजलंय.

"नाही." मग मी ते ऐकलं. एक, आणि क्षणभर थांबून, तीन. "मधली कुठे आहे? दोन कुठे आहे?"

तू तिला काहीतरी समजावत होतास, शब्द पोचत नव्हते. ती पुन्हा मोजत होती. एक. तीन. मागून कोणीतरी म्हणालं, चला ना हो, उन्हात बसवलंय. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकांनी दारातून डोकं बाहेर काढलं आणि टपरीकडे बघितलं. त्यांना मी कुठे आहे ते माहीत होतं. दोरी हातात तशीच होती. ते ओढेनात. इतकी वर्षं बाबांबरोबर नोकरी केलेला माणूस, एक कमी आहे म्हटल्यावर त्याचा हात चालेना. मफलरने तोंड पुसत नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मला फक्त दोन पावलं पुढे टाकायची होती. तिने मला बघितलं असतं, म्हणाली असती, आलीस का, बस, आणि मी बसले असते. खरंच बसले असते रे. नोकरी, घर, कुलूप, सगळं गेलं चुलीत म्हणून.

मी गाडीच्या मागे गेले. आणि पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली.

ड्रायव्हरला काय, आवाज दोनदा आला की निघायचं. गाडी हलली. काका दारात लटकून मागे बघत होते. बाबांनी अख्ख्या नोकरीत कमी मोजणीवर डबल बेल दिली नव्हती. ती मी दिली, आणि कमी असलेली मीच होते.

परतीच्या गाडीत एक तरणा कंडक्टर होता. त्याने निघताना मोजलं, माझ्या सीटच्या पाठीवर बोट टेकवलं आणि पुढे गेला. मी त्याला थांबवून थँक्यू म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

घरी आले. बुटात गार चहाचा कप सापडला. तो अजून तिथेच आहे.

आज सकाळी कामावर निघताना सवयीने उंबऱ्यात उभी राहिले. मोजायला बोट वर केलं. आमच्याकडे मोजणी आईपासून सुरू होते, एकट्या माणसाने कुठून सुरू करायचं ते मला समजेना. तशीच कुलूप लावून निघाले. आणि स्टेशनवर जाऊन दिवसभर लोकांना विचारत बसले, तुम्ही यानेच का चाललात? एकाने उलट विचारलं, तुम्ही कशाने जाता हो बाई? मी सांगितलं, मी जात नाही.

तिने पुन्हा मोजलं असेल. रात्री मोजलं असेल, आज सकाळी चहाच्या वेळी मोजलं असेल. तुझी पोरगी, तुझी बायको यांना ती धरते की नाही मला माहीत नाही, पण दोन कुठे आहे असं विचारलं असणार. तू काय सांगितलंस? काहीतरी सांगितलंच असशील. मी ड्यूटीवर आहे म्हणू नकोस. ते बाबांचं आहे, तिथे तिला गोंधळात टाकू नकोस.

तिला सांग, ताई निघालीय. गाडीत बसलीय. कुठल्या गाडीत असं विचारलं तर बस म्हणू नकोस, ती फाटकात जाऊन बसेल. विमान म्हणू नकोस, ते तासाभरात यायला हवं. रेल्वे सांग. रेल्वेला उशीर झाला तर तिला चालतो.

ताई